ड्रमकेव्हनच्या मुली

फिजोआ पडायला लागले की न्यूझीलंडमधल्या आमच्या पुकेकोहेत पानगळ आली असं समजायचं. हे फळ झाडावरून तोडत नाहीत. पिकलं की ते आपण होऊन खाली येतं. सकाळी दार उघडावं तर ओल्या गवतात हिरवी, अंड्याएवढी फळं पसरलेली असतात. वास पेरूचाच, पण पेरूला कुणी अत्तराचं बोट लावलेलं असावं तसा. ज्याच्या अंगणात झाड आहे त्याच्याकडून ती खाऊन संपत नाहीत. मग लोक खोक्यांत, बादल्यांत भरून फाटकाबाहेर ठेवतात. न्या म्हणतात, हवी तेवढी न्या.

काल ईस्ट टामाकीहून, ऑफिसातून परत येताना आमच्याच रस्त्यावर अशी तीन खोकी दिसली. तिसऱ्याजवळ गाडी थांबवली आणि चार फळं उचलली. काचा बंद होत्या. घरी पोचेपर्यंत गाडीत तो वास एवढा भरला की मी दाराशी गाडी उभी करून तशीच बसून राहिले. नितीन, माझा नवरा, बाहेर आला आणि काचेवर टकटक करत म्हणाला, "काय गं, बरी आहेस ना?"

"हो. हेस्टरचा एप्रिल आलाय."

त्याला पुढे काही सांगावं लागलं नाही.

हेस्टर आमची शेजारीण. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा ती सत्त्याऐंशी वर्षांची होती. उंच, खांद्यात वाकलेली. गेलेल्या नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट अंगात आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. नवऱ्याचं नाव डॅन. इथल्या तांबड्या मातीत त्या दोघांनी चाळीस वर्षं कांदे-बटाटे पिकवले. डॅन गेल्यावर शेत गेलं, घर तेवढं राहिलं. एकुलता मुलगा पर्थला. आमच्या दोन घरांच्या मधे कुंपण म्हणून फिजोआची रांग होती आणि तिची निम्मी फळं आमच्या बाजूला पडत. पहिल्याच एप्रिलमध्ये मी ती गोळा करून तिला परत द्यायला गेले, तर ती हसली. म्हणाली, "कुंपणाच्या ज्या बाजूला पडलं त्या बाजूचं. एवढा एक कायदा मी पाळते."

इंग्रजीत 'यू' म्हणून सुटता येतं. मराठीत लिहायला बसले की मात्र तिला काय म्हणावं हा प्रश्न पडतो. 'त्या' लिहिलं की ती परकी होते. आईला, आजीला आपण 'ती'च म्हणतो. म्हणून मीही 'ती'च लिहिते आहे. बोलताना मात्र मनातल्या मनात मी तिला 'अहो' म्हणायचे.

मी सांगते आहे तो त्याच्या पुढचा एप्रिल. पाच-सहा वर्षं झाली त्याला. एका शनिवारी सकाळी हेस्टर दारात उभी राहिली. हातात कागद. आयर्लंडहून तिला एक मेल आली होती आणि तिच्या मुलाने ती छापून टपालाने पाठवली होती. तिच्या धाकट्या बहिणीचा नातू, ह्यू नावाचा, घराण्याचा इतिहास लिहीत होता. त्याला ड्रमकेव्हनबद्दल माहिती हवी होती. 'तुमच्याइतकं आठवणारं आता कुणी नाही,' असं त्याने लिहिलं होतं.

"तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे," हेस्टर म्हणाली. "आणि माझे हात थरथरतात. मी सांगेन, तू टाइप करशील?"

ड्रमकेव्हन हे तिच्या माहेरच्या इस्टेटीचं नाव. आयर्लंडच्या पश्चिमेला, नदीकाठी, दगडी घर. घर म्हणजे बावीस खोल्यांचं. तिच्या जन्माच्या आधीच सरकारने बरीचशी जमीन काढून कुळांना दिली होती. तरी घराभोवतीची राखीव जमीन, बाग, तबेले आणि आपण कोण आहोत याचा ताठा शिल्लक होता. आमच्या गल्लीत तिला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ती कांदेवाल्या डॅनची बायको.

मग दर शनिवारी मी लॅपटॉप घेऊन तिच्या स्वयंपाकघरात बसू लागले. ओव्हनमध्ये फिजोआ शिजत असायचे, वर ओटचा चुरा आणि लोणी. खिडकीबाहेर पाऊस आला की आल्यासारखा, गेला की गेल्यासारखा. हेस्टर डोळे मिटून सांगायची आणि मी टाइप करायचे. मला वाटलं होतं लढाया असतील, राजेरजवाडे असतील. निघाली ती सगळी लग्नं. कोणाची मुलगी कोणाकडे आली आणि येताना काय घेऊन आली.

तिची पणजी तळं घेऊन आली होती. नवरीबरोबर एक अख्खं तळं, मासे धरायच्या हक्कासकट. "घरात तिचं एकच चित्र होतं," हेस्टर म्हणाली. "त्यात तळं मोठं आहे आणि ती लहान." दुसऱ्या एका पिढीत टेकडीवरचं ओकचं जंगल परक्या घरात जाऊ नये म्हणून सख्ख्या चुलत भावंडांचं लग्न लावलं. ती दोघं एका टेबलावर तीस वर्षं जेवली आणि मीठ हवं असलं तरी नोकराला सांगून मागून घेतलं. एक आत्या होती. तिच्या आधीच्या तीन मुलींबरोबर द्यायचं ते सगळं देऊन झालं होतं, म्हणून ती तशीच राहिली. स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत. इतरांच्या लग्नांत कोणी कुठे बसायचं त्या चिठ्ठ्या लिहायला तिला खाली बोलवत, कारण तिचं अक्षर सुंदर होतं.

"तुमच्याकडे काय म्हणतात?" तिने एकदा विचारलं. "लग्न ठरलं की?"

मी म्हटलं, "मुलगी दिली म्हणतात. अमक्या घरी दिली."

तिने मला ते मराठीत पुन्हा म्हणायला लावलं. "दिली," ती म्हणाली. तिच्या तोंडी 'ळ' आणि 'ल'च्या मधलं काहीतरी आलं. "तुम्ही निदान खरं तरी बोलता. आमच्याकडे म्हणायचे, तिने हो म्हटलं."

त्या दिवशी घरी येऊन भाजी चिरताना मला माझी आत्या आठवत राहिली. सातारला, बाबांची मोठी बहीण. तिला दिली त्या घरची चाळीस एकर बागायत होती. मी लहान असताना घरात तिच्या लग्नाची गोष्ट निघाली की सगळे विहिरीचंच बोलत. काय विहीर होती, बाराही महिने पाणी. आत्या दर दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची, स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. तिला तो माणूस आवडला होता की नाही हे मी कधी विचारलं नाही. माझ्या आईनेही विचारलं नसावं. आता आत्या नाही, आणि त्या विहिरीची खोली मात्र मला अजून पाठ आहे.

हेस्टरला एप्रिल सहन व्हायचा नाही. हे तिने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. इतकी वर्षं इथे काढून, इथली थंडी-पाऊस अंगात मुरवून, एप्रिल आला की तिचं शरीर फसायचं. तिच्या लहानपणीच्या एप्रिलमध्ये गवतातून पिवळी फुलं वर यायची, मेंढ्यांना कोकरं व्हायची, आणि लग्नं तेव्हाच लागायची. इथे एप्रिलमध्ये पानं गळतात. "पासष्ट वर्षं झाली," ती म्हणायची, "अजून दर वर्षी वाटतं, कुणीतरी महिनाच उलटा लावलाय."

मेच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिच्या स्वतःच्या पिढीपर्यंत पोचलो. मी टाइप करायला बोटं ठेवली, तर ती म्हणाली, "हे लिहू नकोस. आधी नुसतं ऐक."

तिला भाऊ नव्हता. दोघी बहिणीच, ती मोठी आणि जॉर्जिना तीन वर्षांनी धाकटी. घरात सगळे तिला जॉर्जी म्हणत. नदीच्या पलीकडे दुसरी इस्टेट होती. तिचा मालक रिचर्ड, त्रेचाळीस वर्षांचा, अविवाहित. दोन्ही काठ एका घरात आले तर दोन्ही इस्टेटी तग धरतील, असा तिच्या वडिलांचा हिशेब. हेस्टर बावीस वर्षांची असताना साखरपुडा झाला. लग्न ईस्टरनंतर ठरलं. डब्लिनहून पोशाख शिवून आला.

डॅन हा इस्टेटीचा कारभार पाहणाऱ्या माणसाचा मुलगा. कॅथलिक. हेस्टरचं घराणं प्रोटेस्टंट. जेवणाच्या टेबलावर ज्याचं नावही निघू नये असा तो मुलगा, आणि तिचं त्याच्याशी दोन वर्षं चाललं होतं. सफरचंदांच्या कोठारात भेटायचे. फेब्रुवारीत एका सकाळी ती घोड्याला नाल ठोकून आणते म्हणून निघाली, लोहाराच्या दारात घोडा बांधला आणि डॅनबरोबर बसमध्ये बसली. पुढे बोट, आणि मग सहा आठवड्यांची दुसरी बोट.

"बोटीवर चौथ्या दिवशी डॅनने मला सांगितलं," ती म्हणाली, "की माझ्या पणजोबांनी त्याच्या पणजोबांना भर हिवाळ्यात घराबाहेर काढलं होतं. मेंढ्यांना कुरण हवं म्हणून. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? तर म्हणतो, आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं मी सूड घेतोय."

ती थोडी हसली. मग म्हणाली, "मी निघाले तेव्हा मला वाटलं होतं, लग्न मोडेल. वडील आठवडाभर आरडाओरडा करतील. रिचर्ड दुसरी कुणी बघेल. लग्न मोडलं नाही गं. नवरी बदलली."

न्यूझीलंडला पोचल्यावर दोन महिन्यांनी तिला आईचं पत्र आलं. त्यात चार ओळी होत्या आणि त्या तिला पाठ होत्या. जॉर्जिनाचं लग्न ईस्टरनंतरच्या गुरुवारी झालं. हवा चांगली होती. तुझा पोशाख तिला कमरेत दोन इंच घ्यावा लागला. तू यापुढे घरी पत्र पाठवू नयेस अशी तुझ्या वडिलांची इच्छा आहे.

जॉर्जी तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

हेस्टरने घरी लिहिलं नाही, पण नदीपलीकडच्या पत्त्यावर, जॉर्जीच्या नावाने ती लिहीत राहिली. तीन वर्षं. माफी मागितली, समजावलं, कांद्याच्या शेताबद्दल लिहिलं, मुलगा झाल्याचं लिहिलं. एकाही पत्राला उत्तर आलं नाही. मग तिने लिहिणं थांबवलं.

"ती रागावली असणारच," हेस्टर म्हणाली. "मी असते तर मीही रागावले असते."

ह्यूच्या मेलमध्ये शेवटी दोन ओळी होत्या. पहिल्या दिवशी मी त्या वाचून दाखवल्या होत्या आणि ती म्हणाली होती, "ते राहू दे." आजी अजून आहे, असं त्याने लिहिलं होतं. नर्सिंग होममध्ये असते, विसरते खूप, पण सकाळी जरा बरी असते. बोलायचं असेल तर मी टॅबलेट घेऊन जाईन.

मी त्या दोन ओळींच्या मागे लागले. ही चूक म्हणायची की काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दर रविवारी सातारला आईशी व्हिडिओवर बोलते. आम्हा इकडे आलेल्या लोकांचा समज असतो की समोर चेहरा दिसला, की सगळं ठीक होतं. मी हेस्टरला म्हटलं, "अहो, दहा मिनिटांचं काम आहे." हे वाक्य आठवलं की अजून लाज वाटते. पासष्ट वर्षं, आणि मी म्हटलं दहा मिनिटं.

तिने दोन शनिवार नाही म्हटलं. तिसऱ्या शनिवारी विचारलं, "तिथे सकाळ असते तेव्हा इथे किती वाजलेले असतात?"

रविवारी संध्याकाळी साडेसातला मी तिच्या टेबलावर लॅपटॉप लावला. तिने निळं कार्डिगन घातलं होतं. केस नीट बसेनात म्हणून मी ओले करून विंचरून दिले. तिचं डोकं माझ्या हाताखाली शाळेच्या फोटोला बसलेल्या मुलीसारखं अगदी स्थिर होतं. मी म्हटलं, मी बाहेर बसते. तर तिने माझं मनगट धरलं. "इथेच बस. बटणं तुला कळतात."

पडद्यावर आधी ह्यू आला. लाल दाढीचा, लाजरा मुलगा. मग चित्र हललं, छत दिसलं, पडदा दिसला, आणि उशीला टेकून बसलेली एक छोटीशी म्हातारी दिसली. कापसासारखे केस. हेस्टरसारखीच हनुवटी.

"जॉर्जी," हेस्टर म्हणाली.

"गुड मॉर्निंग," म्हातारी अदबीने म्हणाली. "तुम्ही चर्चकडून आलात का?"

ह्यू मागून म्हणाला, "आजी, ही हेस्टर आहे. तुझी बहीण."

"छे रे," ती हसली. "हेस्टर बावीस वर्षांची आहे." मग पाहुण्यांना समजावावं तशी हेस्टरकडे वळून म्हणाली, "माझी बहीण न्यूझीलंडला असते."

मी हेस्टरकडे पाहिलं. ती आता सांगेल, पुन्हा पुन्हा सांगेल, जुनं काही आठवण करून देईल, असं मला वाटलं. ती जराशी पुढे सरकली. मग म्हणाली, "मीही न्यूझीलंडहूनच बोलतेय."

"अगं बाई! मग तुम्ही तिला पाहिलं असेल."

"पाहिलंय."

"कशी आहे?"

"बरी आहे. म्हातारी झाली."

जॉर्जीला हा मोठाच विनोद वाटला. खूप हसली. मग दोघी थोडा वेळ हवेबद्दल बोलल्या. तिथे पाऊस होता, इथेही पाऊस होता. हेस्टरने हळूच विचारलं, "आणि तुमचं लग्न झालं?"

"हो, रिचर्डशी. खरं म्हणजे हेस्टरशी व्हायचं होतं त्याचं."

"तो... चांगला वागला का तुमच्याशी?"

जॉर्जीने विचार केला. खोटं बोलू नये म्हणून माणूस आठवून बघतो तसा, बराच वेळ. मग म्हणाली, "कुत्र्यांशी फार चांगला वागायचा."

हेस्टरने टेबलाची कड धरली.

जॉर्जी पुढे वाकली, इतकी की पडद्यावर नुसते डोळे आणि कपाळ उरलं. ह्यूला ऐकू जाऊ नये असा आवाज काढून म्हणाली, "तिची पत्रं यायची. मी सगळी वाचायचे. उत्तर लिहायला बसले की काय लिहू कळायचं नाही. खोटं लिहिलं असतं तर तिने ओळखलं असतं, ती नेहमी ओळखते. आणि खरं लिहिलं असतं तर ती पहिल्या बोटीने परत आली असती. तिथे तिला बाळ झालं होतं. कांदे होते." तिची नजर ह्यूकडे जाऊन आली. "तुम्ही तिला भेटलात ना, तर यातलं काही सांगू नका हं. तिला वाईट वाटेल."

"नाही सांगणार," हेस्टर म्हणाली.

कॉल संपल्यावर तिने उठून दोन कप धुतले. धुतलेलेच होते ते. मी म्हटलं, "सॉरी, हेस्टर. मी उगाच मागे लागले."

ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "पासष्ट वर्षं मी समजत होते की ती माझ्यावर रागावलीय. त्याच्यावर जगता येत होतं गं."

मला वाटलं, आता ती पुन्हा कॉल लावणार नाही. पण पुढच्या रविवारी सव्वासातला ती केस ओले करून, निळं कार्डिगन घालून बसली होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. मे संपला, फिजोआ संपले, जून आला. इथे थंडी पडली. मी येताना तिच्या शेगडीसाठी लाकडं आत आणून ठेवायचे. दर रविवारी जॉर्जी तिला नव्याने भेटायची, आणि दर रविवारी हेस्टर न्यूझीलंडची एक बाई होऊन तिच्यासमोर बसायची. मी एकदा म्हटलं, "सांगा ना तिला. एखाद दिवशी ओळखेल." तर म्हणाली, "बहीण म्हणून गेले तर ती माझी काळजी करत बसेल. परकी म्हणून गेले की स्वतःचं बोलते."

आणि जॉर्जी बोलायची. तुकड्यातुकड्यांनी. लग्नानंतरचं पहिलं वर्ष ती रोज नदीपर्यंत चालत जायची, कारण तिथून माहेरच्या खिडक्या दिसायच्या. कोणती खिडकी आपली हे ती मोजून ठेवायची. पुढे वडील गेले, घर चालवणं कुणालाच जमेना. छप्पर असलेल्या घरावर कर बसायचा, म्हणून छप्पर उतरवलं. आधी दगडी कौलं, मग लाकूड. "मी अलीकडच्या काठावरून बघत होते," तिने सांगितलं. "त्या दुपारी सर आली. माझ्या खोलीत पाऊस पडताना मी पाहिला." ज्या दोन काठांसाठी तिला दिली, ते दोन्ही काठ काही वर्षांनी विकले गेले. आता तिथे सरकारी पाइनची झाडं आहेत, ओळीत लावलेली. ह्यूने फोटो पाठवला होता. हेस्टरने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे तर इथलं वाटतं." खरंच, तो आमच्या इकडच्याच एखाद्या डोंगराचा फोटो वाटत होता.

हेस्टरला जमिनीबद्दल भाबडेपणा नव्हता. "ती आमची कधी नव्हतीच," ती म्हणायची. "डॅनच्या लोकांची होती. आणि इथे ज्या जमिनीत आम्ही कांदे लावले ती मूळची कुणाची, तेही डॅनला ठाऊक होतं. तो दर वर्षी कांद्याची पहिली पोती मराएवर पोचवायचा. त्याने काही फिटत नाही, हेही त्याला ठाऊक होतं." मराए म्हणजे माओरी समाजाचं सभागृह, आमच्या गावाबाहेर एक आहे. त्या पोत्यांबद्दल डॅनने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

हेस्टर आता नाही. त्या हिवाळ्यानंतर दोन वर्षांनी झोपेत गेली. तिच्या घरात तरुण जोडपं राहायला आलंय, चांगली माणसं आहेत. त्यांनी मधली झाडं काढून लाकडी कुंपण घातलं, आधी आमच्याकडे येऊन विचारून. आम्ही हो म्हटलं. नाही कशाच्या जोरावर म्हणणार?

शेवटचा कॉल त्याच हिवाळ्यातला, जुलैतला. जॉर्जी त्या दिवशी उठून बसली नव्हती. ह्यूने टॅबलेट उशीशेजारी आडवा धरला होता, म्हणून इकडे हेस्टरनेही मान तिरकी केली. दोघी एका बिछान्यात पडून बोलत असाव्यात, तशा दिसत होत्या. बोलणं फार नव्हतं. जॉर्जीचे डोळे मिटलेलेच होते. मधेच ती म्हणाली, "आणि तुमचं लग्न हो? सुखाचं झालं का?"

इतक्या रविवारांत हेस्टरने स्वतःबद्दल एक शब्द काढला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कुठेच पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "फार सुखाचं झालं."

"बरं झालं," जॉर्जी म्हणाली. "दोघींपैकी एकीचं तरी झालं."

कुठल्या दोघी, हे ती बोलली नाही. जॉर्जीला त्या क्षणी सगळं कळलं होतं, का ते नुसतंच तोंडातून आलं, हे मी हेस्टरला विचारलं नाही आणि तिनेही कधी त्यावर बोलणं काढलं नाही. जॉर्जीने चादरीवरची बोटं थोडी उचलली. आपण हात हलवतो तसं काहीतरी. मग नर्स आली.

नऊ दिवसांनी ह्यूची मेल माझ्याकडे आली. मी ती छापली आणि कामावर न जाता हेस्टरकडे गेले. दारात मला बघूनच तिला समजलं. तिने कागद घेतला, वाचला नाही, घडी करून कार्डिगनच्या खिशात ठेवला आणि बूट चढवायला खाली बसली.

"मला डॅनकडे ने," ती म्हणाली.

दफनभूमी गावाच्या वर आहे. तिथून सगळी शेतं दिसतात. त्या दिवशी नुकतीच नांगरलेली, ओली, तांबडी. वारा कापत होता. मी तिला हाताला धरून दगडापर्यंत नेलं आणि मागे सरून उभी राहिले, पण ऐकू येत होतं. ती घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, आवाज न चढवता.

"डॅन, जॉर्जी गेली." तिने दगडावर हात टेकला. "शेवटपर्यंत तू एकच म्हणायचास, 'माझ्यामुळे तुझी बहीण तुटली.' तर ऐक. ती रागावली नव्हती रे. आपल्याला बाळ झालं होतं ना, म्हणून तिने लिहिलं नाही."

तिने वाकून दगडावरची दोन ओली पानं हाताने पुसून काढली. मग उभी राहून माझा हात चाचपला.

"हे त्याला आधी सांगायला हवं होतं," ती मला म्हणाली. "पण मलाच आत्ता कळलं."